जुलाब आठवडा उलटला तरी थांबत नाहीत: बाळाच्या पोटात नेमकं काय चाललेलं असतं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं एक आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या कुठल्याही पेयाच्या नावात यापुढे 'ओआरएस' (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं पाणी) ही अक्षरं नकोत, मागे-पुढे आणखी काही जोडूनसुद्धा नकोत, असं त्यात होतं. त्याआधी २०२२ पासून खाली बारीक अक्षरांत एक सूचना छापली की असं नाव चालत होतं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर याविरुद्ध कित्येक वर्षं भांडत होत्या. आदेश आला आणि घरोघरी एकच प्रश्न निघाला: मग जुलाब झाले तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेला तो संत्र्याच्या चवीचा खोका म्हणजे काय होतं?

होतं ते गोड पेय. आणि बाळाचं बिघडलेलं पोट आठवडा, दहा दिवस मार्गी लागत नाही तेव्हा असली गोड पेयं हे त्यामागचं एक अगदी साधं कारण असू शकतं. ते एकटंच नसतं. पहिल्या तीन-चार दिवसांत काय करायचं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. गोंधळ उडतो तो त्यानंतर. ताप गेला, उलट्या थांबल्या, बाळ हसतंय, पण शी काही घट्ट होत नाही. आजी म्हणते दूध बंद करा, शेजारीण म्हणते दात येतायत, दुकानदार म्हणतो हे सिरप द्या. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे.

आधी बघा, हे जुलाब आहेत का?

२४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी, तीही बाळाच्या नेहमीपेक्षा पातळ आणि जास्त वेळा, म्हणजे जुलाब. यातलं 'नेहमीपेक्षा' महत्त्वाचं. निव्वळ अंगावर पिणारं दोन महिन्यांचं बाळ दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, रवाळ, पातळ शी करतं, प्रत्येक पाजण्यानंतर करतं, आणि ते निरोगी असतं. कधी ती हिरवट किंवा थोडी फेसाळ असते. वजन वाढतंय, शू भरपूर होतेय, बाळ खेळतंय, तर यावर इलाज नाही, कारण आजारच नाही. अशा बाळाची 'हिरवी शी' थांबवायला औषधं देऊन पोट खरोखर बिघडवल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

जुलाब १४ दिवसांच्या आत संपले तर त्यांना तीव्र अतिसार म्हणतात, १४ दिवस किंवा त्याहून जास्त चालले तर चिवट अतिसार. ही रेघ उगीच ओढलेली नाही. विषाणूमुळे होणारे बहुतेक जुलाब पाच ते सात दिवसांत उतरतात, काही रेंगाळत दोन आठवड्यांपर्यंत जातात. त्यापलीकडे गेले की बाळाचं वजन घसरायला लागतं आणि 'वाट बघू' हे धोरण सोडावं लागतं.

जंतू गेला, मग शी पातळ का?

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला डोळ्यांना न दिसणारे लाखो केसासारखे उंचवटे असतात. त्यांना रसांकुर म्हणतात. अन्न शोषून घेण्याचं काम त्यांचं. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमका या रसांकुरांच्या टोकावरच्या पेशी मारतो. भाताच्या खाचरात पुराचं पाणी घुसून रोपं आडवी झाली तर पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी भात उभा राहत नाही, तसंच इथे. विषाणू निघून जातो, मागे उरतं ते उघडं पडलेलं आतडं.

नव्या पेशी रसांकुरांच्या बुडाशी तयार होतात आणि वर सरकत तीन ते पाच दिवसांत टोकाला पोचतात. पण नुसती पेशी पोचून भागत नाही, ती कामाला लायक व्हावी लागते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) फक्त टोकावरच्या मुरलेल्या पेशींत असतं. म्हणून आजारात ते सगळ्यात आधी जातं आणि सगळ्यात शेवटी परत येतं, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी.

या मधल्या काळात बाळ दूध पितं, लॅक्टोज न पचता मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यातून वायू आणि आम्लं तयार होतात, आणि न पचलेली साखर पाणी ओढून घेते. लक्षणं अगदी ठरावीक दिसतात: फटकन सुटणारी, फेसाळ, आंबूस वासाची शी, पोट गुडगुडणं, आणि शीच्या जागेभोवती लालभडक वर्तुळ. ते लाल होणं पुष्कळदा डायपरच्या माथी मारलं जातं, पण असतं ते आम्लधर्मी शीमुळे. अशा वेळी सुगंधी वाइप्स बाजूला ठेवा. कोमट पाण्यानं धुवा, न घासता टिपून कोरडं करा, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाडसर थर द्या आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं ठेवा.

मग दूध बंदच करायचं का?

अंगावरचं दूध बंद करायचं नाही, एका दिवसासाठीही नाही. यावर लगेच आक्षेप येतो की आईच्या दुधात तर गाईच्या दुधापेक्षा जास्त लॅक्टोज असतं: १०० मिलीला सुमारे ७ ग्रॅम, गाईच्या दुधात पावणेपाच-पाचच्या आसपास. हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. बाळ अंगावर थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पितं, त्यामुळे साखरेचा मारा एकदम होत नाही. शिवाय त्या दुधात जंतूंशी लढणारे आणि आतड्याची दुरुस्ती करायला मदत करणारे घटक असतात, जे दुसऱ्या कुठल्या दुधात मिळत नाहीत. शी थोडी पातळ राहिली तरी अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन सहसा टिकतं.

वरच्या दुधाचं गणित वेगळं. पहिल्या आठवड्यात तेही थांबवायचं कारण नाही. पण आठवड्यानंतरही वर सांगितलेली फेसाळ-आंबूस लक्षणं ठळक असतील आणि बाळ सहा महिन्यांपुढचं असेल, तर नुसतं दूध कमी करून ते भात, खिचडी किंवा लापशीत मिसळून द्यावं, आणि दुधाची एखादी वेळ दह्यावर न्यावी. दही लावताना जिवाणूंनी लॅक्टोजचा बराच भाग आधीच खाल्लेला असतो. घरचं, ताजं, आंबट न झालेलं दही वापरा.

लॅक्टोजविरहित पावडरचा डबा हा डॉक्टरांच्या सल्ल्यानं, ठरावीक दिवसांसाठी वापरायचा. सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त वरच्या दुधावरच्या बाळाला त्याची गरज लागू शकते. पण एकदा डबा सुरू झाला की घरात तो सहा-सहा महिने मुक्काम ठोकतो, आणि तोवर 'बाळाला दूध चालतच नाही' ही समजूत पक्की झालेली असते. आजारानंतर येणारी ही अडचण तात्पुरती असते. नेहमीच्या दुधाकडे परत येताना दिवसातलं एक पाजणं बदलावं, दोन दिवस बघावं, मग दुसरं.

दुधात पाणी घालून ते 'हलकं' करणं हा मात्र सर्वांत वाईट उपाय. शी तेवढ्यापुरती कमी होते कारण पोटात कमी जातं. बाळ उपाशी राहतं, एवढंच.

ओआरएस: पाकीट, पाणी, चमचा

खऱ्या ओआरएसच्या एक लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. एकूण साडेवीस ग्रॅम. हे प्रमाण २००२ मध्ये ठरलं. आधीचं सूत्र थोडं जास्त तीव्र होतं. आतड्याच्या भिंतीत एक असं दार असतं की ग्लुकोज आत शिरताना सोडियमला बरोबर घेऊन जातं, आणि सोडियमपाठोपाठ पाणी जातं. जुलाबातसुद्धा हे दार बहुधा चालू राहतं. म्हणून साखर आणि मीठ दोन्ही हवं, आणि ठरलेल्या मापात हवं.

साखर वाढली की खेळ उलटतो. गोड फळपेयांत १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते, ओआरएसमध्ये १.३५ ग्रॅम. एवढी साखर आतड्यात शिरली की ती पाणी आत जाऊ देण्याऐवजी बाहेर ओढते. सफरचंदाचा डबाबंद रस, ग्लुकोजची पावडर, शीतपेयं, खूप गोड केलेलं लिंबू सरबत, सगळ्यांची कथा तीच. शहाळ्याचं पाणी चांगलं, पण त्यात सोडियम फार कमी असतं. ते ओआरएसची जागा घेत नाही.

या साध्या पाण्याची ताकद दिसली ती १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावला आले आणि छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण तिसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता घरातली गोष्ट. ओआरएसची पाकिटं दोन मापांत येतात: साधारण २१ ग्रॅमचं मोठं, एक लिटरसाठी, आणि सव्वाचार ग्रॅमच्या आसपासचं छोटं, २०० मिलीसाठी. सर्वांत जास्त चूक इथेच होते. मोठं पाकीट फुलपात्रात कालवलं की मीठ पाचपट होतं. असं पाणी बाळाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढवू शकतं. आकडी येऊ शकते. उलट 'थोडी पावडर आत्ता, थोडी संध्याकाळी' केलं तर माप कधीच जुळत नाही, कारण पाकिटात साखर आणि क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पाकीट नेहमी पूर्ण रिकामं करायचं. तांब्याचा अंदाज धरू नका. एक लिटरची पाण्याची बाटली माप म्हणून वापरा. पाणी उकळून गार केलेलं. कालवल्यावर वरून साखर, मध, दूध काही घालायचं नाही, पुन्हा उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ चालतं. चमचा चहाचा, आणि सुरीनं सपाट केलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या.

किती पाजायचं? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पाच चमचे, आणि बाळाला डॉक्टरकडे घेऊन निघायचं. दोन महिने ते दोन वर्षं, प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप. बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं; एक-दोन मिनिटाला एक चमचा. बाळ तहानेनं घटाघटा प्यायला बघतं आणि मग सगळं उलटून टाकतं, तेव्हा 'ओआरएस पोटात राहत नाही' असा समज होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, अजून सावकाश.

'पाजलं की लगेच शी होते, मग पाजून उपयोग काय?'

ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतंच. ते गेलेलं पाणी भरून काढतं. पहिल्या दिवशी शी थोडी वाढल्यासारखी वाटू शकते, आणि पोटात काही पडलं की आतड्याला चालना मिळून लगेच शी होणं हे तान्ह्या बाळात नेहमीचंच आहे. प्यायलेलं सगळं तसंच बाहेर पडत नाही.

म्हणून शी किती वेळा झाली यापेक्षा शू किती वेळा झाली हे घरात कुणीतरी कागदावर लिहायला हवं. दिवसाला पाच-सहा वेळा, फिकट रंगाची शू होत असेल तर पाणी पुरतंय. पातळ शी आणि डायपर यांच्या मिश्रणात शू कळत नाही ही खरी अडचण आहे. तेवढे दिवस सुती लंगोट वापरा, किंवा पुढच्या बाजूला कापसाचा एक बोळा ठेवा. तो भिजला की शू झाली.

दुसरं माप वजन. अंगणवाडीतला किंवा दवाखान्यातला एकच काटा, बाळ उघडं, दिवसाची साधारण तीच वेळ. दोन-तीन दिवसांआड केलेल्या अशा नोंदींवरून डॉक्टरांना जे कळतं ते 'खूप वेळा होते हो' यावरून कळत नाही.

झिंकची गोळी

जुलाबात शीवाटे झिंक निघून जातं आणि आतड्याच्या नव्या पेशींना ते हवं असतं. शासकीय कार्यक्रमातलं प्रमाण असं: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आणि सहा महिन्यांपुढे रोज एक पूर्ण गोळी. एकूण १४ दिवस. लहान बाळासाठी गोळी चमच्यात काढलेल्या आईच्या दुधात विरघळवायची, मोठ्यासाठी पाण्यात. आशाताईंकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक मोफत मिळतं.

जुलाब चौथ्या दिवशी थांबले म्हणून गोळी बंद केली जाते. खरं तर उरलेले दहा दिवस पुढच्यासाठी असतात: पूर्ण १४ दिवस घेतलं तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. गोळीची चव धातूसारखी कडवट असते, त्यामुळे एखादी उलटी होते. खाऊ-पिऊ घातल्यावर द्या.

पोटाला विश्रांती की खायला?

'पोटाला आराम द्या' हा सल्ला मोठ्यांच्या अजीर्णातून आलेला आहे. बाळाच्या बाबतीत तो उलटा पडतो. आतड्याच्या पेशींना त्यांचं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं. अन्न बंद केलं की रसांकुर आणखी खुरटतात, जुलाब लांबतात, लांबले म्हणून अजून पथ्य, असं चक्र फिरत राहतं. दहा दिवस भाताच्या पाण्यावर आणि वरणाच्या निवळीवर काढलेली बाळं पाहिली की जुलाबापेक्षा पथ्यानंच ती जास्त सुकलेली असतात.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला मूगडाळीची मऊ खिचडी, चमच्यावरून न ओघळणारी, वाटीला एक चमचा तूप किंवा तेल घालून. तेल-तुपानं जुलाब वाढतात ही भीती अनाठायी आहे; इवल्याशा पोटात पुरेसे उष्मांक बसवायचे तर स्निग्ध पदार्थाशिवाय मार्ग नाही. दहीभात, कुस्करलेलं केळं (त्यातून पोटॅशियम मिळतं), उकडलेला बटाटा, अंडं चालत असेल त्या घरात मऊ उकडलेलं अंडं. पेज द्यायची तर दाट, भाताच्या शितांसकट. साबुदाण्याची खीर पोटभरीची वाटते, पण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च. त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं द्या. जुलाब थांबल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं, म्हणजे हुकलेलं वजन भरून निघतं.

चिवट अतिसारात बालरोग विभागात वापरलं जाणारं एक खाणं आपल्या फडताळातलंच आहे: चुरमुरे. १०० मिलीसाठी साडेबारा ग्रॅम चुरमुरे, ४० मिली दूध, सव्वादोन ग्रॅम साखर, २ ग्रॅम तेल आणि बाकी उकळलेलं पाणी. चुरमुरे आणि साखर मिक्सरमधून बारीक पूड होईतो फिरवायची आणि मग बाकी सगळं मिसळायचं. चुरमुऱ्यांमधला स्टार्च भाजताना अर्धा शिजलेला असतो, लॅक्टोज साध्या दुधाच्या निम्म्याहून कमी होतं, आणि तरी १०० मिलीत ९५ च्या आसपास उष्मांक मिळतात, आईच्या दुधाहून जास्त. भेळेचे खारे चुरमुरे मात्र नकोत. आणि हे डॉक्टरांनी बाळाला पाहिल्यावर, सहा महिन्यांपुढच्याच बाळासाठी.

जुलाब थांबवणारं औषध का देत नाहीत?

लोपेरामाइडसारखी औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. शी दिसायची थांबते, पाणी आणि जंतू आतच साठतात. लहान बाळाचं आतडं पूर्ण ठप्प होऊन पोट फुगू शकतं, ते गुंगीत जाऊ शकतं. दोन वर्षांच्या आत हे औषध नाहीच.

प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. शीतून रक्त पडत असेल, कॉलरा असेल, अशा मोजक्या कारणांसाठी ती असतात. बाकी वेळी ती आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात आणि जुलाब लांबवतात. कधी तर मूळ कारणच ते निघतं: खोकल्यासाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट सुरू झालं आणि तिसऱ्या दिवसापासून पोट बिघडलं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, पुड्यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. काही विशिष्ट प्रकारांनी जुलाब एखाद्या दिवसानं कमी होतात, सगळ्यांनी नाही. दिल्यानं सहसा बिघडत नाही; ओआरएस-झिंक सोडून त्यावर पैसे घालवण्यात मात्र अर्थ नाही.

जायफळ, गुटी आणि दात

जायफळाचा वळसा घरोघरी दिला जातो. जायफळात गुंगी आणणारं द्रव्य असतं आणि सहाणेवरच्या वळशाला माप नसतं. जुलाबात झोपाळलेलं बाळ पाणी कमी झाल्यामुळे मलूल आहे की जायफळामुळे, हे कुणालाच कळेनासं होतं, आणि नेमकं तेच कळणं गरजेचं असतं. बाळगुटीतल्या मुळ्या-शेंगा सहाणेवर उगाळताना वापरलेलं पाणी, सहाण आणि बोट स्वच्छ असतीलच असंही नाही. सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाखेरीज (आणि जुलाबात ओआरएस-झिंकखेरीज) काही नको, या नियमात गुटी आणि ग्राइप वॉटरही आलं.

दातांमुळे जुलाब होत नाहीत. सहाव्या-सातव्या महिन्यात दात येतात तेव्हाच बाळ रांगायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू झालेलं असतं, आणि आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. सगळं एकाच वेळी घडतं, आळ दातांवर येतो. यात बाटलीचा वाटा मोठा. बुचाच्या चरीत साचलेलं दूध ही जंतूंची उत्तम जागा, आणि 'बरं होतं, चार दिवसांत पुन्हा होतं' अशा तक्रारीत पुष्कळदा दोषी तीच निघते. वाटी-चमच्यावर आणून बघा.

१४ दिवसांनंतर

आता कारण शोधायचं. डॉक्टर शीची तपासणी करतात: तिचं आम्लमान (पीएच) साडेपाचच्या खाली असेल आणि त्यात न पचलेली साखर सापडली तर लॅक्टोजकडे बोट जातं. सूक्ष्मदर्शकाखाली जियार्डियासारखा परजीवी सापडू शकतो. त्यावर नेमकं औषध आहे. लघवीतला जंतुसंसर्ग लहान बाळात जुलाबाच्या रूपानं दिसू शकतो, म्हणून लघवीचीही तपासणी होते. शीत आव-रक्ताचे धागे, अंगावर चट्टे, आणि सुरुवात वरचं दूध चालू केल्यापासून, असं असेल तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी. ही लॅक्टोजच्या अडचणीहून वेगळी. म्हशीचं किंवा बकरीचं दूध देऊन ती सुटत नाही. गहू सुरू केल्यानंतर वजन थांबलं असेल तर सिलिॲक आजाराचा, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा, विचार होतो, पण रक्ततपासणीच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर निकाल फसवा येतो.

यात एक निरुपद्रवी प्रकारही आहे. वर्षाच्या पुढचं मूल, दिवसाला चार-पाच सैल शी, त्यात गाजराचे-मटारचे तुकडे जसेच्या तसे, रात्री काही नाही, मूल मजेत, वजन वाढतंय. बहुतेकदा जास्तीचा फळांचा रस कमी केला आणि जेवणात तूप-तेल नीट आलं की हे आपोआप सुधारतं.

ताबडतोब कधी निघायचं

दिवस मोजत बसू नका अशा काही खुणा आहेत. सहा-आठ तास शू नाही. डोळे खोल गेलेले, टाळू खड्ड्यासारखी दबलेली, रडताना अश्रू नाहीत. बेंबी आणि कूस यांच्या मधली कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट व्हायला हवी. हळूहळू परत गेली तर पाणी कमी पडलंय, दोन सेकंदांहून जास्त लागले तर रात्र असो की पहाट, रुग्णालय गाठा. शीत रक्त, हिरव्या पित्ताची उलटी, चमचाभरही पोटात न राहणं, फुगलेलं पोट, उतरत नसलेला ताप, हाक मारली तरी न बघणारं सुस्त बाळ, हेही त्यातच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे जुलाब म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. वाटेतही चमच्यानं ओआरएस चालू ठेवा, बाळ शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर.

जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: शेवटचं भरलेलं लंगोट पिशवीत बांधून, आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाची बाटली किंवा पाकीट (गुटीसुद्धा सांगायची), आणि लसीकरणाचं कार्ड. कार्डावर रोटाव्हायरसचे डोस पाहिले जातात. सरकारी कार्यक्रमात ते ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडावाटे मोफत दिले जातात. पहिला डोस वर्षाच्या आत केव्हाही सुरू करता येतो, त्यामुळे राहून गेला असेल तर याच फेरीत विचारून घ्या.